स्तनदाहात औषध लागू का पडत नाही: नमुना घेण्यापासून गाय आटवण्यापर्यंत

"डॉक्टर, मागचं इंजेक्शन काही लागू पडलं नाही. आता जरा भारी द्या." पुणे, अहिल्यानगर, सांगली, सोलापूर या दूधपट्ट्यात फिरणाऱ्या पशुवैद्यकाला हे वाक्य नवे नाही. गोठ्याच्या भाषेत औषधे दोनच प्रकारची असतात, हलकी आणि भारी. आणि भारी म्हणजे महाग किंवा नुकतेच बाजारात आलेले. जिवाणूंना ही प्रतवारी माहीत नसते. सडात स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टी असेल तर जुने, स्वस्त पेनिसिलीन आजही सहसा उत्तम काम करते. मायकोप्लाझ्मा असेल तर सेफ्ट्रायॅक्सोनची महागातली कुपीही वाया जाते, कारण ते औषध जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालते आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका मुळातच नसते.

दगडी, म्हणजे स्तनदाह (कासेचा दाह), झालेल्या गाईच्या बाबतीत कोणत्या क्रमाने काय करावे, हे पुढे सांगितले आहे. औषधाचे नाव आणि मात्रा उपचार करणाऱ्या पशुवैद्यकानेच ठरवायची आहे. त्याला ती नेमकी ठरवता यावी आणि ठरवलेली फुकट जाऊ नये, यासाठी पशुपालकाच्या हातात जे आहे तेवढाच या लेखाचा विषय आहे.

सवय गाईला होत नाही

"गाईला त्या औषधाची सवय झाली" असे सर्रास म्हटले जाते, पण बदल गाईत होत नाही, तिच्या कासेतल्या जिवाणूंच्या लोकसंख्येत होतो. कोट्यवधी जिवाणूंमध्ये काही थोडे असे असतात की ज्यांच्यापाशी त्या औषधाला निकामी करण्याचे साधन आधीपासून असते. औषध दिले की बाकीचे मरतात, हे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. पुढच्या वेळी तेच औषध दिले तर मरायला फारसे कोणी शिल्लक नसते. उरलेल्यांचे ते साधन पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असते आणि एक जिवाणू ते शेजारच्या जिवाणूला, कधी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो.

साधने अनेक आहेत. स्टॅफिलोकोकस ऑरियस या स्तनदाहातल्या सर्वांत चिवट जिवाणूचे काही वाण बीटा-लॅक्टमेज हे विकर (एन्झाइम) तयार करतात आणि पेनिसिलीनचा रेणू मोडून टाकतात. औषधात सल्बॅक्टम किंवा टॅझोबॅक्टम मिसळलेले असते ते या विकराला अडवण्यासाठी. काही वाण मात्र त्याहून पुढे गेलेले असतात. त्यांच्यात मेक-ए नावाचे जनुक असते, त्यामुळे पेनिसिलीन ज्या ठिकाणी जाऊन चिकटते ते ठिकाणच बदलते. मग टॅझोबॅक्टम घातले काय किंवा न घातले काय, फरक पडत नाही. असा मेथिसिलीनला (पेनिसिलीनच्याच कुळातल्या औषधाला) दाद न देणारा ऑरियस गाईच्या स्तनदाहात सापडल्याची पहिली नोंद १९७२ मध्ये बेल्जियममधून आली. याच कुळातले मेक-सी हे दुसरे जनुक २०११ मध्ये इंग्लंडमध्ये उजेडात आले, तेही गाईच्या दुधातून वेगळ्या केलेल्या जिवाणूत. ई. कोलाय या शेणात आढळणाऱ्या जिवाणूच्या काही वाणांपाशी सेफ्ट्रायॅक्सोनसारख्या तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनलाही मोडणारी विकरे असतात.

याखेरीज एक प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याची क्षमता, जन्मजात असतो आणि तो आपल्या चुकीने आलेला नसतो. ई. कोलायवर साधे पेनिसिलीन, क्लॉक्सासिलीन किंवा टायलोसिन चालत नाही, क्लेब्सिएला या जिवाणूवर ॲम्पिसिलीन चालत नाही. प्रोटोथेका हे तर शेवाळ आहे, त्यावर कोणतेच प्रतिजैविक चालत नाही. या ठिकाणी औषध लागू पडले नाही असे म्हणणे म्हणजे कुलूप एकीकडचे आणि किल्ली दुसरीकडची असताना किल्लीला दोष देणे होय.

पहिली पायरी: आजार वेळेवर पकडणे

प्रत्येक धारेच्या वेळी चारही सडांतल्या पहिल्या तीन-चार पिळ्या काळ्या तळाच्या वाटीत किंवा काळ्या फरशीच्या तुकड्यावर घेऊन पाहाव्यात. गुठळ्या, चकत्या, पाणचटपणा किंवा रक्ताची छटा काळ्यावर लगेच दिसते. बादलीत पडलेल्या दुधात ती दिसत नाही. या पिळ्या जमिनीवर सोडण्याची आणि त्याच ओल्या हाताने पुढच्या सडाला लागण्याची सवय मोडावी.

सुप्त स्तनदाहात दूध डोळ्यांना चांगलेच दिसते. त्याचा पहिला सुगावा पुष्कळदा संकलन केंद्रावरच्या पावतीत लागतो: चारा-पेंड तीच असताना एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) खाली येऊ लागतो, कारण आजारी कासेत लॅक्टोज आणि केसिन घटतात व क्षार वाढतात. दूध किंचित खारट लागते ते यामुळेच. अशा वेळी कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट करावी. शाम आणि नूरलँडर यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही चाचणी आजही गोठ्यातली सर्वांत भरवशाची आहे. चार कप्प्यांच्या पसरट भांड्यात प्रत्येक सडाचे साधारण २ मिली दूध घ्यावे, तेवढेच द्रावण घालावे आणि भांडे दहा-पंधरा सेकंद गोल फिरवावे. दूध पातळच राहिले तर सड निरोगी. घट्ट होऊन जेलीसारखे मधोमध गोळा होऊ लागले तर त्या सडात पांढऱ्या पेशी फार वाढल्या आहेत. निरोगी सडात मिलिलिटरला दोन लाखांपेक्षा कमी पेशी असाव्यात, असा सर्वमान्य संकेत आहे. द्रावण मिळत नसेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून तेच करता येते. निकाल थोडा ढोबळ येतो, पण कोणता सड संशयित आहे एवढे नक्की कळते.

दुसरी पायरी: तीव्रता ठरवणे

येथे तीनच प्रश्न विचारायचे. फक्त दूध बिघडले आहे का? दुधाबरोबर कासही सुजली, तापली, दुखते आहे का? की गाईच आजारी आहे, म्हणजे ताप, चारा-पाणी सोडणे, डोळे खोल जाणे, उभे राहता न येणे असे काही दिसते? तिसऱ्या प्रकारात तपासणीच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या विषाने गाय एका दिवसात दगावू शकते, आणि तिला वाचवण्यात शिरेतून दिलेल्या सलाइनचा आणि दाह कमी करणाऱ्या औषधाचा वाटा प्रतिजैविकाइतकाच, कधी अधिक, असतो. पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवावे. मात्र त्याने पहिले इंजेक्शन भरण्याआधी दुधाचा नमुना काढून ठेवावा. त्याला दोन मिनिटे लागतात.

पहिल्या दोन प्रकारांत आपल्याकडे वेळ असतो, आणि सर्वांत मोठी चूक तेथेच होते. सौम्य स्तनदाहात नमुना घेऊन एक दिवस थांबले तर गाईचे सहसा नुकसान होत नाही. ई. कोलायच्या पुष्कळशा सौम्य प्रकरणांत गाईची स्वतःची प्रतिकारशक्तीच जिवाणूंचा निकाल लावते, आपण गुठळ्या पाहतो तोवर जिवाणू गेलेलेही असतात. त्या एका दिवसात सड वारंवार, पण हळुवारपणे, रिकामा करावा, कास थंड पाण्याने शेकावी आणि गाईला कोरड्या जागी बांधावे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सौम्य स्तनदाहासाठी २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना यांचा लेप सुचवते. या पहिल्या काळात तो लावायला हरकत नाही, मात्र गाय आजारी दिसत असेल तर लेपावर विसंबून राहणे म्हणजे गाय गमावणे. धार काढण्यापूर्वी लेप धुऊन सड पुसावेत.

तिसरी पायरी: नमुना

पूर्ण पद्धतीत एवढीच एक पायरी अशी आहे की जी पशुपालकाने बिघडवली तर प्रयोगशाळेतला कोणीही ती सुधारू शकत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

बाटली निर्जंतुक हवी. औषधाच्या दुकानात लघवी तपासणीसाठी मिळणारी सीलबंद निर्जंतुक डबी चालते. धुतलेली इंजेक्शनची कुपी चालत नाही, कारण तिच्यात राहिलेला औषधाचा अंशही जिवाणूंची वाढ रोखतो. नमुना प्रतिजैविक देण्याआधी घ्यायचा. आधीच औषध सुरू असेल तर ते लेबलवर ठळक लिहावे.

हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, शक्य तर हातमोजे घालावेत. सड मळलेले असतील तरच धुवावेत आणि धुतले तर प्रत्येक सडासाठी वेगळ्या कागदाने किंवा फडक्याने पूर्ण कोरडे करावेत. ओल्या कासेवरून ओघळणारे पाणी बाटलीत पडले तर अहवालात शेणातले जिवाणू येतात. पहिल्या तीन-चार पिळ्या टाकून द्याव्यात. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने सडाचे टोक, म्हणजे छिद्राभोवतीचा भाग, घासून पुसावा. कापूस मळका निघाला तर दुसरा घ्यावा आणि पांढरा निघेपर्यंत थांबू नये. चारही सडांचे नमुने घ्यायचे असतील तर आधी आपल्यापासून दूरचे सड पुसावेत, मग जवळचे. नमुना घेताना मात्र क्रम उलटा, आधी जवळचे आणि मग दूरचे, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही घासत नाही.

बाटलीचे झाकण त्याच क्षणी उघडावे, त्याची आतली बाजू खाली करून बोटांत धरावे, जमिनीवर ठेवू नये. बाटली आडवी तिरकी धरावी, म्हणजे वरून केस, धूळ किंवा कोंडा आत पडत नाही. सड बाटलीच्या काठाला लावू नये. पाच ते दहा मिली दूध पुरते. जास्त दूध म्हणजे चांगला नमुना, असा समज चुकीचा आहे. लगेच झाकण लावून गाईचा बिल्ला क्रमांक, सड (उदाहरणार्थ, मागचा डावा), तारीख, वेळ आणि गाय किती वेताची हे लिहावे. पत्ता तेवढा लिहून सड न लिहिलेल्या बाटल्या प्रयोगशाळेत येतात, त्यांचे काय करायचे हे कोणालाच कळत नाही.

नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा. मोटारसायकलच्या डिकीत दुपारी दोन तास राहिलेल्या नमुन्यात मूळ जिवाणू कोणता आणि प्रवासात वाढलेला कोणता हे सांगता येत नाही. पोहोचवायला उशीर होणार असेल तर नमुना गोठवता येतो. ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस त्यात तगून राहतात, ई. कोलायची संख्या मात्र घटते. तपासणीसाठी शिरवळ, मुंबई, परभणी, उदगीर, नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी किंवा पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभागाशी आधी फोन करून वार व वेळ ठरवावी, कारण शनिवारी दुपारी नेलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहतो.

चौथी पायरी: अहवाल वाचणे

अहवालाला सहसा दोन ते तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी जिवाणू वाढवतात, नंतर तो ओळखतात, मग एका काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या थाळीत तो सर्वत्र पसरून त्यावर वेगवेगळ्या प्रतिजैविकांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतात. ज्या औषधाने जिवाणू मरतो किंवा त्याची वाढ थांबते, त्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ तयार होते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात.

आता ज्या ठिकाणी शिकलेली माणसेही फसतात ते पाहू. एका गोठ्यात ऑरियसचा अहवाल आला होता: पेनिसिलीनभोवती २७ मिमी, जेंटामायसिनभोवती १६ मिमी. घरातल्या पदवीधर मुलाने २७ मोठे म्हणून पेनिसिलीन सुरू केले. प्रत्यक्षात स्टॅफिलोकोकससाठी पेनिसिलीनचे वर्तुळ २९ मिमी किंवा त्याहून मोठे असेल तरच जिवाणू संवेदनशील मानतात, म्हणजे २७ ला तो प्रतिरोधी ठरतो. जेंटामायसिनसाठी १५ पुरते, म्हणजे १६ ला तो संवेदनशील. प्रत्येक औषध थाळीतल्या जेलीत वेगळ्या वेगाने पसरते, त्यामुळे एका औषधाच्या वर्तुळाची दुसऱ्याच्या वर्तुळाशी तुलना करताच येत नाही. आकडा पाहू नये, त्यापुढे लिहिलेले अक्षर पाहावे: S म्हणजे संवेदनशील, I म्हणजे मध्यम, R म्हणजे प्रतिरोधी.

अहवालात सेफॉक्सिटिनची चकती असेल तर तिच्याकडे आवर्जून लक्ष द्यावे. ती मेक-ए जनुकाचा सुगावा देते. ऑरियस तिला प्रतिरोधी निघाला तर ॲमॉक्सिसिलीन, क्लॉक्सासिलीन, सेफ्ट्रायॅक्सोन आणि त्यांची टॅझोबॅक्टम-सल्बॅक्टमची मिश्रणे, अहवालात त्यांच्यापुढे काहीही छापलेले असले तरी, निरुपयोगी समजावीत. असा जिवाणू गोठ्यातल्या माणसांच्या हातावर आणि नाकातही राहू शकतो, म्हणून त्या गाईची धार शेवटी काढावी आणि हातावर जखम असलेल्या माणसाने ती काढू नये.

"वाढ आढळली नाही" असा अहवाल आला म्हणून नमुना वाया गेला असे समजू नये. पुष्कळदा त्याचा अर्थ गाईने जिवाणू स्वतःच संपवले, असा असतो आणि सौम्य आजारात त्यावर प्रतिजैविक न देणे हेच उत्तर असते. ऑरियस दुधात सतत उतरत नाही, कधी उतरतो आणि कधी नाही, म्हणून सड पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर आठवड्याने दुसरा नमुना द्यावा. एकाच नमुन्यात तीन-चार प्रकारचे जिवाणू आले असतील तर मात्र नमुना घेतानाच घाण गेली, असेच बहुधा समजावे.

आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. थाळीवर मरणारा जिवाणू कासेत मरेलच असे नाही. जेंटामायसिनसारखी औषधे इंजेक्शनने दिली तर कासेत फारशी पोहोचत नाहीत, शिवाय मूत्रपिंडात कित्येक महिने राहतात. उलट टायलोसिनसारखी औषधे रक्तापेक्षा दुधात अधिक साठतात. औषध कोणते, इतकाच ते कोणत्या वाटेने द्यायचे हाही निर्णय पशुवैद्यकाचा असतो.

पाचवी पायरी: औषध देणे

अनेक औषधे चालत असतील तर त्यांतले सर्वांत साधे निवडावे. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने, एन्रोफ्लॉक्सासिनसारखी क्विनोलोने आणि कोलिस्टिन ही जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत माणसांसाठी सर्वांत महत्त्वाच्या गटात आहेत; अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी शेवटी हीच उरतात. कोलिस्टिनच्या खाद्य-पशूंमधील वापरावर भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. बाकीची गोठ्यात सर्रास पहिल्याच दिवशी वापरली जातात, आणि याबद्दल माझी तक्रार पशुपालकापेक्षा आम्हा पशुवैद्यकांकडे आणि चिठ्ठीशिवाय कुपी देणाऱ्या दुकानदारांकडे अधिक आहे.

सडात औषधाची ट्यूब सोडताना सड पूर्ण रिकामा करावा, टोक अल्कोहोलने पुसावे, ट्यूबचे तोंड दोन-तीन मिलिमीटरच आत घालावे. पूर्ण नळी आत ढकलली तर सडाच्या आतला संरक्षक थर सोलवटतो आणि बाहेरची घाण आत जाते. बुरशीजन्य स्तनदाह बऱ्याचदा असाच, अस्वच्छ हाताने वारंवार ट्यूब सोडल्याने, सुरू होतो. एक ट्यूब दोन सडांत वाटून घालणे ही काटकसर सर्वांत महागात पडते, कारण दोन्ही सडांत औषध अपुरे पडते. गुठळ्या गेल्या की औषध थांबवणे ही तिची जुळी बहीण. दूध साफ दिसणे म्हणजे दाह ओसरणे. जिवाणू संपायला त्याहून अधिक वेळ लागतो, विशेषतः ऑरियसला.

वेदना आणि सूज यांसाठी मेलॉक्झिकॅम मागावे. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून आणि किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ पासून बंदी आहे, कारण असे औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याला खाणारी गिधाडे मरतात. तरीही माणसांची कुपी गोठ्यात आलेली अधूनमधून दिसते.

सहावी पायरी: तरीही गुण आला नाही तर

ठरलेला कोर्स पूर्ण होईपर्यंत औषध बदलू नये, हा पहिला नियम. गाय खालावत असेल तर अर्थात पशुवैद्यक तो मोडेल. कोर्सनंतरही गुण नसेल तर प्रतिरोधाचे नाव घेण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. मात्रा गाईच्या खऱ्या वजनावर काढली होती की अंदाजावर? साडेपाचशे किलोच्या होल्स्टीन संकरित गाईला चारशेच्या हिशेबाने औषध दिले जाणे नेहमीचे आहे. दोन मात्रांमधले अंतर पाळले होते का? कुपी उन्हात, डिकीत राहिली होती का? औषध लागले पण त्याच घाणेरड्या पाण्याने, त्याच हातांनी सडाला नवा जिवाणू लागला, असे तर नाही?

या सगळ्यांतून निभावल्यावर उरतो तो ऑरियसचा लपंडाव. हा जिवाणू कासेच्या ऊतीत बारीक गळवे करून राहतो, पांढऱ्या पेशींच्या आत जिवंत राहतो आणि स्वतःभोवती चिकट थर विणतो. थाळीवर संवेदनशील असूनही तो कासेत मरत नाही. येथे औषध कितीही वेळा बदलले तरी तो आटोक्यात येत नाही. पण प्रत्येक बदलाबरोबर गाईच्या आतड्यातल्या, त्वचेवरच्या आणि शेणातल्या इतर जिवाणूंमध्ये प्रतिरोध मात्र वाढत जातो.

अशी गाय बरी होण्याची शक्यता तिच्या वयाबरोबर, आजारी सडांच्या संख्येबरोबर आणि आजार जुना होत जाईल तशी घटते. पहिल्या वेताची कालवड, एकच सड, लागण नुकतीच झालेली आणि जिवाणू पेनिसिलीनला संवेदनशील, असे असेल तर लांब उपचाराचा खर्च करावा. पाचव्या वेताची गाय, तीन सड, सहा महिन्यांचा आजार असेल तर करू नये. तिची धार सगळ्यांच्या शेवटी काढावी, शक्य असेल तर वाईट सड पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कायमचा आटवावा आणि तिच्यापासून होणारा प्रसार थांबवावा. युरोप-अमेरिकेतली पुस्तके अशी गाय कळपातून काढा, असे एका ओळीत सांगून मोकळी होतात. आपल्याकडे ती कत्तलीला जात नाही, बाजारात जाते, आणि बाजारातून आणलेली दुभती गाय हीच पुढच्या गोठ्यात ऑरियस येण्याची नेहमीची वाट असते. विकत आणलेल्या गाईचे चारही सड पहिल्याच दिवशी तपासावेत, हे म्हणूनच.

सातवी पायरी: औषधाचे दूध

औषध दिलेल्या गाईचे दूध लेबलवर लिहिलेल्या काळापर्यंत वेगळे ठेवावे, आणि ते चारही सडांचे, कारण एका सडात सोडलेले औषध रक्तातून इतर सडांत पोहोचते. लेबलवर काळ लिहिलेला नसेल तर औषध नियमांनुसार दुधासाठी किमान सात दिवस धरायचे असतात. उकळल्याने जिवाणू मरतात. बहुतेक प्रतिजैविकांचे अंश तसेच राहतात. घरात याची साक्ष विरजण देते: औषधाच्या दुधाला दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जिवाणू त्या अंशाने मरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. हे प्रमाण लहान दिसते, पण एका कॅनमधले दूध टँकरभर पसरते.

हे दूध वासराला पाजण्याची रीत घरोघरी आहे आणि पशुपालकाला ती सोडणे जड जाते, हे समजू शकते. मात्र वासराच्या आतड्यात औषधाचा हा अपुरा अंश रोज जाणे म्हणजे प्रतिरोधी ई. कोलाय घरी पाळणे आहे. ते गोबर गॅसच्या टाकीतही ओतू नये, त्यातले वायू तयार करणारे जिवाणू मंदावतात. गोठ्यापासून आणि विहिरीपासून दूर खड्ड्यात टाकावे.

आठवी पायरी: गाय आटवताना

नवी लागण होण्याचा मोठा धोका गाय आटवल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आणि विण्याच्या आसपास असतो, आणि जुनी लागण बरी करण्याची सर्वांत चांगली संधीही भाकड काळातच असते. विण्याच्या तारखेआधी साधारण साठ दिवस धार बंद करावी. पूर्वी प्रत्येक सडात भाकड काळाची ट्यूब सोडणे हाच नियम होता. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून निरोगी जनावरांना असा सरसकट प्रतिबंधक वापर बंद केला. आपल्याकडेही निवड करता येते. आटवण्याच्या आठवड्यात चारही सडांची कॅलिफोर्निया चाचणी करावी आणि त्या वेतातली नोंद पाहावी. चाचणी स्वच्छ आणि वेतभर आजार नाही, अशा गाईला प्रतिजैविकाऐवजी सड बंद करणारा बिस्मथचा लेप सोडता येतो, पण तो अत्यंत स्वच्छतेनेच सोडावा, कारण त्यात जिवाणू मारणारे काहीच नसते. संशयित सडांत भाकड काळाची ट्यूब सोडावी.

रोजचा गोठा

याविषयी बहुतेकांना माहिती असते, अंमल मात्र कमी होतो. धार झाल्यावर प्रत्येक सड ग्लिसरीन घातलेल्या ०.५ टक्के आयोडीनच्या द्रावणात पूर्ण बुडवावा. नुसते शिंपडू नये. सडाचे छिद्र धारेनंतर अर्धा-एक तास उघडे राहते, म्हणून धार संपताच ताजा चारा टाकावा, म्हणजे गाय तेवढा वेळ उभी राहते. अंगठा मुडपून धार काढण्याने सडाच्या आतल्या नळीला इजा होते. पूर्ण मुठीने काढावी. यंत्र असेल तर सडावर बसणारे रबरी लायनर फाटेपर्यंत वापरू नयेत, साधारण अडीच हजार धारांनंतर बदलावेत. दहा गाई, दिवसाला दोन धारा आणि एकच युनिट असेल तर हा आकडा सव्वाशे दिवसांत गाठला जातो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

वही

दोनशे पानी वहीचे एक पान एका गाईला द्यावे. त्यावर बिल्ला क्रमांक, वेत आणि कासेचे साधे चित्र: चार गोल, त्यांना पुढचा उजवा, पुढचा डावा, मागचा उजवा, मागचा डावा अशी नावे. आजार झाला की त्या गोलात तारीख, आणि खाली एका ओळीत औषध, मात्रा, किती दिवस, दूध कोणत्या तारखेपासून डेअरीला घातले. कुपीचे लेबल सोलून तेथेच चिकटवले तर लिहायचेही वाचते. अहवाल त्याच पानाला टाचावा. वर्षभराने वही उलगडली की एकाच गोलात तीन तारखा असलेली गाय, एकाच महिन्यात आजारी पडलेल्या चार गाई आणि तीनदा देऊनही गुण न आलेले औषध, असे सगळे वेगळे दिसू लागते. पुढच्या वेळी पशुवैद्यक दारात येईल तेव्हा भारी औषध मागण्याआधी ते पान त्याच्यापुढे उघडावे.